पोरगं गांजासोबत सापडलं, आता काय? आधी वजन विचारा

मी जिल्हा कोर्टात वकिली करते आणि एनडीपीएसच्या, म्हणजे ड्रग्जच्या कायद्याच्या, केसेस बऱ्यापैकी बघितल्यात. तरी मला सगळ्यात उपयोगाचा प्रश्न शिकवला तो एका कांद्याच्या शेतकऱ्याने. त्यांचा पोरगा शहरात शिकायला, रूमवर पिशवीत गांजा सापडला, आणि काका गावाकडून रात्रीच्या एसटीने येऊन सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात उभे. मी त्यांना पंचनामा वाचून दाखवत होते, "काळ्या रंगाच्या प्लॅस्टिक पिशवीसह एकूण वजन १ किलो ४० ग्रॅम", तर ते मधेच म्हणाले, "ताई, बारदान धरून का?"

तो कागद मी तोवर दोनदा वाचला होता आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. बारदान म्हणजे माल ज्यात भरतात ते पोतं, पिशवी. मार्केट यार्डात आयुष्य गेलेल्या माणसाला बरोब्बर खटकलं.

आता हे ४० ग्रॅम का महत्त्वाचे ते सांगते, कारण सगळा कायदा इथेच फिरतो. आपल्याकडे ड्रग्जचा मुख्य कायदा एकच, १९८५ चा एनडीपीएस, आणि २००१ पासून त्यात शिक्षा ठरते ती पदार्थ कुठला आणि किती यावरून. तीन पायऱ्या आहेत, स्मॉल, कमर्शियल आणि मधली. स्मॉल असेल तर जास्तीत जास्त १ वर्ष किंवा १० हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, केस मॅजिस्ट्रेटकडे. मधली असेल तर १० वर्षांपर्यंत आणि १ लाखापर्यंत दंड, केस विशेष कोर्टात. कमर्शियलला कमीत कमी १० वर्षं, वर २० पर्यंत, दंड १ ते २ लाख, आणि तिथे "पहिलीच चूक आहे साहेब" म्हणून जज दहाच्या खाली येऊच शकत नाहीत, कायद्याने त्यांचे हात बांधलेत. गांजाची स्मॉलची रेघ आहे १ किलोवर. म्हणजे काकांच्या पोराला १ वर्षाची केस की १० वर्षांची, हे पिशवी आणि काड्या किती भरतात त्यावर लटकलेलं.

म्हणून घरच्यांनी फोन आल्यावर पहिल्यांदा "मारलं तर नाही ना" विचारा, आणि लगेच दुसरा प्रश्न, काय सापडलं आणि किती. आमच्याकडे येणारे लोक पाऊण तास मित्र कसे वाईट होते ते सांगतात आणि पदार्थाचं नाव विचारलं की म्हणतात पावडर होती काहीतरी. पावडरीत फरक असतो हो. गांजा १ किलोच्या आत स्मॉल आणि २० किलोच्या वर कमर्शियल, पण चरस १०० ग्रॅम आणि १ किलो, हेरॉइन म्हणजे ब्राऊन शुगर ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, कोकेन २ आणि १००, आणि हल्ली महाराष्ट्रात जी सगळ्यात जास्त चालते ती एमडी, म्हणजे मेफेड्रोन, ती २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. नावात गोंधळ होतो म्हणून सांगते, एमडी वेगळी आणि एमडीएमए वेगळं, एमडीएमएची स्मॉलची रेघ अर्ध्या ग्रॅमवर आहे आणि १० ग्रॅमच्या वर गेलं की कमर्शियल. एलएसडी तर ०.१ ग्रॅमच्या वर कमर्शियल, म्हणून ते ज्या कागदाच्या तुकड्यावर असतं त्याचं वजन धरायचं की नाही यावर वकील तासनतास भांडतात.

आणि इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. भेसळ पण मोजतात. सुप्रीम कोर्टाने २०२० च्या हिरा सिंग निकालात स्पष्ट सांगितलं की शुद्ध ड्रग किती हे बघायचं नाही, मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं. म्हणजे ३ ग्रॅम एमडी कोणी ६० ग्रॅम पांढऱ्या भुकटीत मिसळली तर ती ३ ग्रॅमची केस नाही, कमर्शियल आहे. विकणारा भेसळ करून फसवतो आणि घेणारा त्या भेसळीची पण शिक्षा भोगतो. पण प्लॅस्टिकची पिशवी, डबा, खोका हे मिश्रण नाही, ते बारदान. आणि गांजाचं अजून वेगळं, कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, त्यासोबत नसलेली सुटी पानं आणि बिया त्यात येत नाहीत, त्यामुळे काड्या, मुळं, पानं, माती सगळं एकत्र तोललेलं असेल तर तिथे बोट ठेवायला जागा असते. काकांच्या केसमधे पुढे मॅजिस्ट्रेटसमोर माल उघडला तेव्हा पिशवी बाजूला काढून काटा ९६२ ग्रॅमवर थांबला.

आता दुसरी गोष्ट, ताबा. केस "जवळ बाळगल्याची" असते आणि जवळ म्हणजे खिशातच पाहिजे असं नाही, तुमच्या कपाटात, गाडीच्या डिकीत, हॉस्टेलच्या गादीखाली, हे सगळं ताब्यात धरू शकतात. पण कोर्टांनी त्याला एक शब्द जोडलाय, जाणीवपूर्वक. म्हणजे तुम्हाला ते तिथे आहे हे माहीत होतं. आणि इथे एनडीपीएस इतर कायद्यांपेक्षा कडक आहे, कारण एकदा सरकारने ताबा दाखवला की "मला माहीत नव्हतं" हे आरोपीला पटवून द्यावं लागतं, कलम ३५ आणि ५४ मुळे गृहीतक आपल्या विरुद्ध जातं. तीन पोरं एका रूमवर राहतात, माल एकाच्या बॅगेत, तर बाकीचे दोघं सुटायला हवेत पण ती बॅग कुणाची हे पंचनाम्यात नीट लिहिलेलं पाहिजे, नाहीतर तिघांवर "सामायिक ताबा" लिहून मोकळे होतात. म्हणून पोरांनो, मित्राची बॅग "दोन दिवस ठेव रे" म्हणून ठेवून घेणं हा प्रकार बंद करा. ओळखीच्या काकूने दिलेलं पार्सल पण. मुंबईचं एक जोडपं २०१९ ला कतारला फिरायला गेलं, नात्यातल्या बाईने दिलेल्या पॅकेटमधे ४ किलोच्या आसपास चरस निघालं, १० वर्षांची शिक्षा झाली, तिथेच जेलमधे बाळ झालं, आणि २०२१ ला निर्दोष सुटून परत आले.

नुसतं व्हॉट्सॲप चॅट आहे आणि माल काहीच नाही, अशीही केस होते. २०२१ च्या गाजलेल्या क्रूझ केसमधे हायकोर्टाने जामीन देताना चॅटमधे कटाचं काही आक्षेपार्ह दिसत नाही असं म्हटलं होतं आणि पुढे मे २०२२ ला एनसीबीने, म्हणजे केंद्राच्या ड्रग्जविरोधी तपास यंत्रणेने, त्यातल्या मुख्य आरोपी मुलावर पुराव्याअभावी आरोपपत्रच टाकलं नाही. पण तोपर्यंत पोरगा जवळपास चार आठवडे आत होता, हेही खरं. आणि हो, घाबरून चॅट डिलीट करू नका, पुरावा नष्ट केला म्हणून अजून एक कलम लागायचं.

पहिल्या २४ तासात काय करायचं ते आता नीट बघा.

अटक झाली की कारण लेखी द्यायला लागतं, आणि ते आरोपीला समजेल अशा भाषेत. नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू आहे असं सांगितलंय. घरच्यांना किंवा मित्राला कळवणं हे पोलिसांचं काम आहे, तो उपकार नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासात मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. वकील नसेल, पैसे नसतील तर १५१०० ला फोन लावा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसला जा, ते बहुतेक कोर्टाच्या आवारातच असतं, वकील फुकट मिळतो. लोकांना वाटतं फुकटचा वकील म्हणजे नावापुरता, पण रिमांडच्या दिवशी कोणीच नसण्यापेक्षा शंभर पट बरा.

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. एनसीबीचे अधिकारी आधी कलम ६७ खाली जबाब घ्यायचे आणि तोच कबुलीजबाब म्हणून वापरायचे, ते २०२० च्या तोफान सिंग निकालाने बंद झालं. म्हणून "सांगून टाक, तुला साक्षीदार करतो" असं कोणी म्हणालं तरी पोराला सांगा, नाव पत्ता खरा सांग, उद्धटपणा करू नको, आणि बाकी वकील आल्यावर.

पंचनामा हा या केसेसचा कणा आहे. झडती अंगाची असेल तर आधी विचारावं लागतं की तुम्हाला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती हवी का, हा कलम ५० चा हक्क आहे आणि तो सांगितला नसेल तर अंगावर मिळालेल्या मालाची केस डळमळते. पण लक्षात ठेवा, हे फक्त अंगझडतीला, हातातल्या बॅगेला लागू नाही. लोक नेटवर अर्धवट वाचून येतात आणि "मॅडम कलम ५० मोडलं, सोडवा" म्हणतात, माल बॅगेत मिळालेला असतो, काय करणार. बाईची झडती बाईच घेणार, यात सूट नाही. घरात घुसायचं असेल तर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात वॉरंट नसेल तर कारण लिहून ठेवावं लागतं. १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात झडतीचं व्हिडिओ शूटिंग पण करावं लागतं, ते मागा.

सही करायला सांगितलं तर आधी वाचा. वाचून दाखवलं नसेल तर सहीशेजारी तसं लिहा आणि आपल्या हाताने तारीख, वेळ टाका. चार शब्द असतात पण खटला उभा राहतो तोवर दोन वर्षं गेलेली असतात आणि तेव्हा ते चार शब्दच बोलतात. आणि मग आमच्यासारखे लोक बघतात ते असं: वजन कुठल्या काट्यावर केलं, पिशवीसह की सुटं, सील कसलं होतं, सॅम्पल मॅजिस्ट्रेटसमोर काढलं का, कलीनाच्या किंवा दुसऱ्या लॅबला माल कधी गेला आणि मधे मालखान्यात किती दिवस पडून होता, सीए रिपोर्टमधलं, म्हणजे लॅबच्या केमिकल ॲनालायझरच्या अहवालातलं, सीलचं वर्णन पंचनाम्याशी जुळतं का. यातली एखादी चूक म्हणजे केस उडाली असं नाही, कोर्ट एकूण चित्र बघतं, पण तीन चार चुका एका रांगेत लागल्या की जजच्या चेहऱ्यावर दिसतं.

रिमांडला पोलीस पीसीआर मागतील म्हणजे पोलीस कोठडी, "माल कुणाकडून आणला याचा तपास करायचाय" हे कायमचं कारण. पीसीआर संपली की एमसीआर, म्हणजे जेल. घरच्यांना एमसीआर ऐकून रडू येतं पण खरं तर जामिनाचा अर्ज चालायला तिथूनच वेग येतो. स्मॉलला जामीन सहसा पटकन होतो. ते जामीनपात्र आहे की नाही यावर आपल्याच हायकोर्टाचे दोन वेगवेगळे सूर आहेत, २०१० ला जामीनपात्र म्हटलं आणि २०२० ला सगळेच अजामीनपात्र म्हटलं, त्यामुळे पोलीस स्टेशनातूनच सोडतील या भरवशावर राहू नका, जामीनदार आणि कागद तयार ठेवा. मधल्या क्वांटिटीला सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, येतो, सुनावणी होते, आणि ६० दिवसात चार्जशीट नाही आलं तर जामीन हक्काचा. ६१ व्या दिवशी सकाळी अर्ज टाकायचा, दुपारी नाही, कारण दुपारपर्यंत चार्जशीट पण येतं!

कमर्शियल असेल तर कलम ३७ आडवं येतं. कोर्टाला वाटलं पाहिजे की हा माणूस दोषी नसावा आणि बाहेर जाऊन पुन्हा असलं काही करणार नाही, दोन्ही. जामिनाच्या वेळीच अर्धा खटला जिंकायचा असा प्रकार. चार्जशीटला पण ६० नाही, १८० दिवस मिळतात आणि सरकारी वकिलाने कारण दिलं तर वर्षापर्यंत. फक्त खटला वर्षानुवर्षं रेंगाळला तर सुप्रीम कोर्टाने २०२३ पासून अशांनाही जामीन दिलेत. इथे दलाल लोक येतात, "आतून सेटिंग आहे, पाच लाख द्या". एक रुपया देऊ नका. अशा पैशाने कलम ३७ हललेलं मी तरी बघितलं नाही, दागिने गेलेले बघितलेत.

स्वतः ओढणारा किंवा घेणारा असेल तर कलम २७, कोकेन हेरॉइन वगैरेला १ वर्षापर्यंत आणि बाकीच्याला ६ महिन्यापर्यंत. इथे कायद्यात एक दार आहे जे फार कमी लोक वापरतात, कलम ६४ अ. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले तर सेवनाच्या आणि स्मॉल क्वांटिटीच्या गुन्ह्यात खटल्यापासून सूट मिळू शकते. अर्धवट सोडलं की सूट गेली. कोर्ट स्वतःही कलम ३९ खाली जेलऐवजी उपचाराला पाठवू शकतं. उपचार कुठे ते विचारायला १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, पुण्याकडच्या लोकांना मुक्तांगण माहीतच आहे, १९८६ पासून चालू आहे. ॲडमिशनचे कागद, डॉक्टरांचे रिपोर्ट सगळं जपून ठेवा, अर्जाला तेच लागतं. पोरगं १८ च्या आत असेल तर हे सगळं बाजूला, ते बाल न्याय मंडळाकडे जातं, त्याला मोठ्यांच्या लॉकअपमधे ठेवता येत नाही.

आता एक नावडती गोष्ट. स्मॉलच्या केसमधे बरेच जण म्हणतात कबूल करतो, दंड भरतो, तारखा नकोत. करा हवं तर, पण ते कन्व्हिक्शन आहे, म्हणजे तुम्ही दोषी ठरलात. पुन्हा कधी सापडलात तर कलम ३१ खाली शिक्षा दीडपट होऊ शकते, सरकारी नोकरीच्या फॉर्ममधे लिहायला लागतं, आणि अमेरिकेच्या व्हिसाला तर ड्रग्जचं छोटंसं कन्व्हिक्शन सुद्धा अडकतं. पोरगं एमएस करायला जायचं म्हणत असेल तर हजार रुपये दंड भरून मोकळं व्हायची घाई करू नका, आधी वकिलाशी बसून सगळा हिशोब करा.

शेतकऱ्यांसाठी वेगळं सांगायला पाहिजे. तुरीत, उसात मधे मधे गांजाची झाडं लावली तर तिथे स्मॉल वगैरे भानगडच नाही, लागवडीला सरळ १० वर्षांपर्यंत, झाड एक असो की शंभर, गच्चीवरच्या कुंडीतलं सुद्धा. आपल्या रानात कोणी लावलंय असं दिसलं तर कलम ४६ प्रमाणे जमीन ज्याच्याकडे आहे त्याने लगेच कळवायचं असतं, आणि कलम ४७ मधे सरपंच आणि पंच यांची नावं घेऊन तीच जबाबदारी टाकलीय, हे कितीतरी सरपंचांना माहीत नसतं. खंडाने जमीन देणाऱ्यांनो, चक्कर मारत जा. फ्लॅट, गोडाऊन, बंद पडलेलं शेड भाड्याने देणाऱ्यांनी पण, कारण माहीत असून वापरू दिलं तर कलम २५ मालकाला मालवाल्याइतकीच शिक्षा देतं. कुरकुंभ एमआयडीसीतल्या २०२४ च्या एमडी प्रकरणानंतर तरी भाडेकरूची पोलिसांकडे नोंद आणि लेखी करार याला कोणी फालतू म्हणू नये. गाडी दुसऱ्याला दिली आणि त्यात माल मिळाला तर गाडी जप्त होते, मालकाला दाखवावं लागतं की मला माहीत नव्हतं आणि मी काळजी घेतली होती, पण खटला संपेपर्यंत गाडी सडू द्यायची गरज नाही, तात्पुरती ताब्यात मिळायला अर्ज करता येतो.

भांगेचं दर होळीला विचारतात. पानांची भांग एनडीपीएसच्या गांजात येत नाही, पण महाराष्ट्रात दारूबंदी कायदा तिला लागू आहे आणि लायसन्सशिवाय ती पण गुन्हाच. यूपीत ठेल्यावर मिळते म्हणून इथे चालेल असं नाही.

झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम, ट्रामाडोल, ही औषधं पण याच कायद्यात आहेत. प्रिस्क्रिप्शन असेल आणि स्वतःसाठी असतील तर एका वेळी १०० डोसपर्यंत ठेवता येतात, डॉक्टरांनी लांब उपचारासाठी तसं खास लिहून दिलं तर ३०० पर्यंत. चिठ्ठीचा फोटो मोबाईलमधे असू द्या पण मूळ चिठ्ठी पाकिटात.

एक फोन येतो, "तुमच्या नावाच्या पार्सलमधे एमडी सापडलंय, व्हिडिओ कॉलवरच राहा, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय". असली अटक कुठल्याच कायद्यात नाही. माझ्या ओळखीतल्या एक रिटायर्ड बाई दोन दिवस बेडरूममधे मोबाईल चार्जिंगला लावून बसल्या होत्या, सुनेने दार ठोठावलं म्हणून वाचल्या. फोन कट करा आणि १९३० ला कळवा.

आणि दिवाळीत दुबईला लेकीकडे जाणाऱ्या आयांनो, अनारसे घेऊन जाऊ नका. आपल्याकडे खसखस किराणा दुकानात मिळते, कायद्यानेही मोकळी आहे कारण अफूचं बी आपल्या व्याख्येतून वगळलंय, पण अमिरातीत तीच खसखस बंदी असलेल्या यादीत आहे आणि एअरपोर्टवर त्यांना अनारसा म्हणजे काय हे समजावून सांगायची वेळ कुणावर येऊ नये. लेकीला म्हणावं गूळ आणि तांदूळ तिकडे मिळतात, तू तीळ लावून कर.